खालचा सूर

अठरा हजार कोरुना.
दुधाच्या पावतीमागे लिहून ठेवलाय आकडा,
त्याच्या डोक्यावर माझी पेन्शन.
वजाबाकी अजून केलेली नाही.
काही गणितं सोपी असतात, म्हणूनच हात लावू नये.

ब्रनोत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
वर्बोव्हा बाईंनी टेबलक्लॉथ उचलला
आणि खाली तो. स्विस.
अक्रोडाचं लाकूड, थाळी इतकी जड
की बोटानं ढकलली तर थांबायचं नावच घेईना.
"आमचे हे दातांचे डॉक्टर," बाई म्हणाल्या,
"हात कापायला लागले तसा दवाखाना बंद केला.
पण सुई? ती शेवटपर्यंत स्वतःच टेकवायचे.
एक ओरखडा दाखवा."
मी शोधला. नव्हता.

माझी तबकडी मी स्वेटरात गुंडाळून नेली होती:
कुठल्याशा डोंगरी गावातल्या चर्चचा ऑर्गन.
तीस वर्षं ऐकतोय.
वाजवणाऱ्याचा बूट कुठल्या पट्टीवर करकरतो
तेही पाठ.

बूट करकरला.
कोणीतरी श्वास घेतला, तोही ऐकू आला, हा नवा.
वरचे सूर असे सुटे सुटे
जसे धुऊन वाळत घातलेले चमचे.
पण खाली,
जिथे तो एक लांब, न हलणारा सूर असायचा,
ज्यावर मी सगळं चर्च उभं केलं होतं,
तिथे काहीच नाही.
शांतता. महागडी, स्वच्छ.

"बिघडलाय का?" मी विचारलं.
बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं डॉक्टर वर्बा किडलेल्या दाढेकडे पाहत असतील.

एकतीस वर्षं ट्राम चालवली मी ओलोमोउत्समध्ये.
कुठल्या डब्याचं कुठलं बेअरिंग चाललंय
हे बुडाला कळायचं, कानाच्याही आधी.
आणि घरात, माझ्याच कपाटावर...

द्राहोमिराला फोन केला.
माझी बहीण. लितोव्हेलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
आर्म तोलायची, दिवसाला चाळीस.
माझा प्लेअर तिच्याच खात्यातून आलेला,
ती शुक्रवारी बनवलेला म्हणते, मी तिच्या हातचा म्हणतो.
आली. कोट काढला नाही.
प्लेअर उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला,
मागच्या बाजूला एक स्क्रू अर्धा फेरा आवळला.
"अर्थिंगची तार, ओल्द्रिख.
सैल होती. गुणगुणत होती बिचारी."

तीस वर्षं
मी एका तारेला ऑर्गन म्हणत होतो.

आता माझ्याकडेही खाली शांतता आहे. फुकट.
म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता.
द्राहोमिराही तेच म्हणाली, सूप पिता पिता:
"झालं ना? अठरा हजार वाचले. अंथरूण पाहून पाय पसरावेत."
मी मान हलवली.
मान काय, कुठेही हलते.

रात्री उठून तो स्क्रू
पुन्हा अर्धा फेरा सैल केला.
आला, जुना सूर, घरचा चोर आल्यासारखा, पावलं न वाजवता.
पण आता मला त्याचं नाव माहीत होतं,
आणि नाव कळलेल्या आवाजात
चर्च उभं राहत नाही.
आवळून टाकला.

कारण संपलं, हाव तशीच राहिली,
हे कोणी सांगितलं नव्हतं मला.
ती जड थाळी आठवते.
ढकललेलं बोट आठवतं.
त्या श्वासाचं काय करू,
जो माझ्या तबकडीत माझ्याच घरी तीस वर्षं
कोंडून होता?

सकाळी फूटपट्टी घेऊन कपाटापाशी.
फळी बेचाळीस सेंटिमीटर.
तो स्विस, वर्बोव्हा बाईंनी फोनवर मोजून सांगितलं,
चव्वेचाळीस.
मी करवत काढली.
द्राहोमिरा दारात, हातात काल विसरलेली छत्री.
"ओल्द्रिख," ती म्हणाली,
"फळी कापून लांब होत नाही."

मला माहीत आहे.
मी भिंतीकडे बघत होतो.