पडीक ठेवल्याबद्दल

एकतीस वर्षं मी डाकोटातल्या या काउंटीच्या शेती कचेरीत
लोकांच्या जमिनी मोजल्या,
विमानातून काढलेल्या फोटोंवर मेणाच्या पेन्सिलीने.
आता सगळं संगणकात आहे,
तरी बोटं अजून मेणकट वाटतात.

ऑक्टोबरात पैसे येतात.
गारा पडल्याचे येतात, पाऊस न पडल्याचे येतात,
सूर्यफूल करपल्याचे, गव्हाचा भाव उतरल्याचे,
आणि काहीच न केल्याचेही.
दहा वर्षं नांगर लावणार नाही अशी सही करायची
आणि गवताला गवत होऊ द्यायचं.
पेराल तसं उगवेल,
हे आमच्या खात्याला कुणी सांगितलं नसावं.

डेलमार क्वास्निका दर ऑक्टोबरात यायचा.
काउंटरवर टोपी, टोपीशेजारी चेक.
"आर्डिस, हे कशाचे?"
"ओढ्यापलीकडच्या ऐंशी एकरांचे."
"अगं, पण मी तिकडे वर्षभर फिरकलोसुद्धा नाही."
"त्याचेच."
तो खिडकीतून धान्याच्या कोठाराकडे बघत राहायचा,
हातचा धरायला विसरलेल्या पोरासारखा.

पैसे परत करायचा अर्ज आमच्याकडे नव्हता.
पहिल्या वर्षी मी सगळे खण खरंच उपसले,
पुढे पुढे त्याचं मन राखायला.
मग चेक खिशात जायचा,
आणि जाताना तो दार इतकं हलकेच ओढून घ्यायचा
की वाटावं, आत कुणी आजारी आहे.

एका साली यादी बाहेर फुटली. कुणाला किती, नावानिशी.
व्हर्नाच्या हॉटेलात कॉफीवर साय धरली.
प्रत्येकाचं बोट आधी शेजाऱ्याच्या नावावर गेलं.
टॉरगर्सन भावांचा आकडा रकान्यात मावत नव्हता.
फिनिक्समधला एक दातांचा डॉक्टर,
ज्याच्या बुटाला आमची माती कधी लागली नाही,
तोही होता.
लिओटाबाईंना नऊ डॉलर;
त्यांनी ती ओळ कापून फ्रिजवर चिकटवली.
सरकारला सगळ्यात मोठ्याने शिव्या घालणाऱ्याला
हप्त्याची तारीख तोंडपाठ निघाली.
तीन रविवार चर्चमध्ये माणसं जागा बदलून बसली.
माझ्या भावाचं नाव चौथ्या पानावर होतं.
ते मीच टाइप केलं होतं.

डेलमार फेब्रुवारीत गेला.
ऑक्टोबरात चेक आला, त्याच्याच नावाने.
आणि अर्ज सापडला.
मेलेल्यांनी पैसे परत करायचा अर्ज होता आमच्याकडे:
एक पान, दोन सह्या,
तिसऱ्या खणात, जिथे मी दर वर्षी हात घालत होते.

नियमाप्रमाणे पाहणीला गेले.
गवत छातीपर्यंत. आत शिरले तर
एका माणसाच्या रुंदीची पायवाट,
जुनी, घट्ट तुडवलेली,
आणि तिच्या टोकाला पालथी घातलेली बादली.
बादलीच्या कडेने गवत वाकडं वाढलं होतं,
कुणाला तरी जागा देत.

फिरकलोसुद्धा नाही, म्हणायचा.

मी बसले. ओढ्याकडून एक तितर ओरडला,
नंतर बराच वेळ कुणीच नाही.
अहवालात लिहिलं: नांगरट नाही, चराई नाही,
उल्लंघन आढळलं नाही.
'जमिनीचा वापर' या रकान्यापाशी
पेन्सिल थोडी थांबली,
मग वारा सुटला आणि कागद धरायला
दोन्ही हात लागले.