दोन बोटं

सगळं झालं होतं.
म्हणजे चौदा संघांची नावं, वयाचे दाखले,
मुलींच्या खोलीच्या दाराला नवी कडी,
शाळेच्या हॉलमध्ये एकशे दहा गाद्या,
त्यातल्या नऊ दवाखान्याच्या, परत करायच्या बोलीवर.
कुताइसीहून एकोणीस स्टॉपवॉच आली. सतरा चालू.
त्सिआलानं राजम्याचं सारण मळून पराती झाकल्या
आणि कापडी फलकावर मी स्वतः रंगवलं:
इमेरेती विभागीय जलतरण अजिंक्यपद.
शेवटचं अक्षर जरा चेंगरलं.
चौदा गावं उद्या आमचं पाणी जोखायला येणार होती,
आणि आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

संध्याकाळी सातला वाझा आला, पोलादी फीत घेऊन.
रेल्वेचे रूळ मोजण्यात त्याची हयात गेली.
कुणी पंचवीस मीटर म्हटलं
की त्याला ती ऐकीव गोष्ट वाटते.
एक टोक मी धरलं. तो पलीकडच्या काठाला गेला.
पहिली लेन, दुसरी, तिसरी, मान डोलावत.
चौथीपाशी गुडघ्यांवर बसला,
चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि मला लांबूनच
दोन बोटं दाखवली.

उन्हाळ्यात फरशा बदलल्या, तेव्हा
गवंड्याचा हात तिथं सढळ पडला असणार.
दोन बोटं सिमेंट.
पोरांनी ऊर फुटेस्तोवर हात मारायचे
आणि तलावानं खोटं बोलायचं.

अंझोर, आमचे व्यवस्थापक, म्हणाले, कोण मोजतंय?
वाझा म्हणाला, मी मोजलंय.

मग पाणी सोडलं. मीटरभर.
तीन दिवस गॅस जाळून तापवलेलं पाणी
गटारातून वाफाळत रिओनी नदीकडे निघालं
आणि अंझोर त्याच्याकडे पाहत राहिले,
पाहुणा न जेवता उठून जावा तसे.
गवंड्याला अंथरुणातून आणलं.
अंगाला नव्या वाइनचा वास, तोंडातून शब्द नाही.
रात्रभर छिन्नी. मी कंदील धरलेला
आणि दुसऱ्या कानाला फोन:
त्किबुलीच्या संघाला रिलेतला क्रम बदलायचा होता,
रात्री दीड वाजता.

पहाटे तलाव पुन्हा काठोकाठ,
आणि गार. एकवीस अंश.
बॉयलरपाशी जुम्बेर शिव्या देत होता, प्रेमानं, एकेका नळीला.
कुणी सांगितलं देव जाणे,
समोरच्या इमारतीतल्या बायका उतरल्या,
केटल्या, पातेली,
द्राक्षरस आटवायची एक तांब्याची कढई दोघींनी धरून.
ओतत राहिल्या.
थर्मामीटर जागचा हलला नाही.
फरक पडतोय, मी म्हटलं.
म्हणजे खोटं बोलायचं ते शेवटी मीच बोलले.

आठ वाजता तिबिलिसीहून पंच आल्या,
लाल किरणाचं यंत्र, कागद, पेन.
सहा वेळा किरण पलीकडे गेला, सहा वेळा परतला.
त्यांनी सही केली आणि विचारलं,
चहा मिळेल का?
वाझा तेव्हा कपड्यांच्या खोलीत, बाकावर,
बूट घालूनच घोरत होता.

चियातुराची एलिसो, वय तेरा, लेन चार.
शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, पाचवी आली.
बोटं पुढे करून माझ्याकडे आली, दोन पेरं सोललेली.
तुमची भिंत चावते, म्हणाली.
मी आयोडीन लावलं. तिनं ओठ दाबला.
आणि वेळ? तिनं विचारलं, वेळ खरी ना?
खरी, मी म्हटलं. त्यातलं शतांशसुद्धा.

गाद्या परत गेल्या. आठच. नववी अजून सापडायचीय.
चौथ्या लेनच्या भिंतीला फरशी बसली नाही,
अंझोर म्हणतात, वसंतात बघू.
आमची पोरं तिथं रोज भांडतात,
त्या लेनमध्ये पोहायला कुणी तयार नसतं.
ती लांब आहे म्हणतात.
वाझा समजावत नाही.
फीत काढतो, एक टोक त्यांच्या हाती देतो.