सुरी खाली ठेवल्यावर

सोमवारी ट्रोंडुरने माझी निळी टोपी घेतली, लाल दिली.
म्हणाला, रानवा, आजपासून ही लाइन तुझी.
बस्स, एवढंच.
मग तो क्लाक्सविकच्या धक्क्याकडे बर्फाचं बघायला गेला.

अकरा वर्षं मी कॉड कापला.
डोळे मिटून सांगेन काटा कुठे वळतो.
माणूस कुठे वळतो, हे कधी बघावंच लागलं नव्हतं.

पहिला दिवस हातांचा.
त्यांना काम नव्हतं आणि ते शिवशिवत होते.
खिशात घातले तर साहेबाचे वाटले,
पाठीमागे बांधले तर पोलिसाचे.
शेवटी एक वही धरली छातीशी.
कोरी.

मंगळवारी नवी पोरगी, सुनुवा,
पोटाकडची पातळ बाजू फाडत होती.
मी तिच्या हातातली सुरी घेतली,
सटासट पाच मासे कापून दाखवले.
पाचही देखणे.
ती बाजूला सरली, हातमोजे निथळत,
आणि सहावा मासा तिने माझ्याचकडे सरकवला.
घरी जाताना, चढावर, उमगलं :
आज लाइनवर कापणारी एक वाढली नाही,
कमी झाली.

जेवणाच्या सुट्टीत मार्यूनच्या टेबलाशी
माझी खुर्ची होती तिथेच होती.
हसणं तेवढं मी बसायच्या आत उरकलेलं.
लाल टोपीच्या नकला आम्ही दोघी मिळून करायचो.
आता ती एकटी करत असणार.
छान करते ती. मला एकदा बघायची होती.

मार्यून उशिरा यायला लागली.
दोनदा मी घड्याळाकडे पाहिलं नाही, मैत्रीच्या नावाने.
तिसऱ्यांदा चारचौघांत ओरडले, नियमाच्या नावाने.
तिन्ही वेळा खरं नाव भीती होतं.
चौथ्यांदा तिला मागच्या दाराशी नेलं,
विचारलं, काय चाललंय?
आणि गप्प राहिले.

गप्प राहणं किती जड असतं!
जिभेवर चार सल्ले तयार, रांगेत उभे.
मी मनात आकडे मोजले.
नवावर ती म्हणाली, आई रात्री उठून कोट चढवते,
बाबांना बोटीवर सोडायला निघते.
बाबांना जाऊन वीस वर्षं झाली.
सकाळची बाई सातला येते, त्याआधी मी निघू कशी?

तिची पाळी अर्धा तास पुढे सरकवली.
पेन्सिलीने लिहिली, रबर जवळ ठेवलं.
दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या,
आमचंही बघ म्हणून.
त्यांचं अजून बघतेच आहे.

राहिला हानुस.
मला सुरी धरायला शिकवली ती ह्याने.
आता त्याचा हात थरथरतो.
काट्याला मांस राहतं, आणि तराजूला तोंडदेखलं बोलता येत नाही.
रात्री आरशापुढे तीन वाक्यं पाठ केली.
मधलं खोटं होतं.
सकाळी मधलं गाळलं.

तो ऐकत राहिला, पातं दगडावर फिरवत.
मग म्हणाला, तीन आठवडे वाट बघतोय, कुणी बोलतंय का.
सगळे आपले गुपचूप
माझ्या ट्रेमध्ये सोपे मासे टाकताय.

मीही टाकले होते.

आता तो आतल्या खोलीत सगळ्यांच्या सुऱ्यांना धार लावतो.
इतकी धार ह्या लाइनला कधी नव्हती.
माझ्याशी मात्र पूर्वीसारखं बोलत नाही.
ट्रोंडुरला विचारलं, हे बरोबर केलं का मी?
तो म्हणाला, बर्फ आलाय, खाली करून घे.

सुनुवा अजून दहात दोन फाडते.
मी शेजारी उभी राहते, हात खिशात,
साहेबाचे तर साहेबाचे.
एकच शब्द बोलते : अंगठा.
ती बघते. अंगठा सरकवते.
पुढचा मासा बरा उतरला.
मी कापला असता तसा नाही.
तसाच पुढे जाऊ दिला.