वाफसा

रिपोर्टात मी लिहिते: नमुना क्रमांक सात,
शिसे, दशलक्ष भागांत सहाशे दहा.
खाली ठरलेलं वाक्य: इथे कंद आणि पालेभाज्या लावू नयेत,
मुलांचे हात धुवावेत.
सही.

डेट्रॉइटच्या पूर्वेला या गल्लीत
बावीस घरांपैकी सहा उरली आहेत.
मध्ये गवत, मे संपताना कमरेएवढं,
आणि एके ठिकाणी नुसत्याच तीन पायऱ्या
ज्यांना वर दार नाही.

ओडेसा टिब्जने कागद हात लांबवून धरला.
चष्मा घरी राहिला होता.
"सात म्हणजे कुठलं?"
मी बोट दाखवलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, तिथे आमच्या पुढच्या खोलीची खिडकी.
वडील दर एप्रिलात रंगवायचे, निळी,
जुने पोपडे खरवडून खाली पाडायचे,
कारखान्यातून आल्यावर, उजेड असेतो.
"म्हणजे सहाशे दहा
त्यांचे आहेत."

माझ्या फॉर्मात याला रकाना नाही.

जेव्हॉनने विचारलं, सूर्यफुलं शोषून घेतील का शिसे?
घेतील, म्हटलं, शंभरेक वर्षं लावलीस तर.
त्याने लावली.

जमिनीत नाही तर जमिनीवर, असं ठरलं.
बंद पडलेल्या शाळेच्या जिममधून फळ्या आल्या,
बास्केटबॉलच्या रेषा अजून अंगावर.
त्याही मी तपासल्या; लोक हसले.
ओडेसा म्हणाली, दोन हिवाळ्यांत कुजतील.
तोवर दोन उन्हाळे आहेत ना, कुणीतरी म्हणालं.
बिअरवाल्याकडचा ओला कोंडा,
न्हाव्याकडचे केस, पोत्यात भरून,
आणि मार्चच्या थंडीत त्या ढिगातून वाफ निघाली
तेव्हा मला प्रथमच कळलं
वाफा आणि वाफ एकमेकांना किती खेटून आहेत.

भांडण झालं ते पाण्यावरून.
बिल कुणाच्या नावावर?
चर्चच्या तळघरात दोन तास, चार थर्मास कॉफी.
मोक्लेसुर रहमान, ज्याचे दुधी आता
तीन कुंपणं ओलांडून गेले आहेत,
दोरी मागायला आला होता, तोही अडकला.
शेवटी पाणीखात्याच्या खिडकीतल्या बाईने
कॉम्प्युटरमध्ये पाहिलं:
पत्ता अजून आहे. अठ्ठावीसशे एकेचाळीस.
घर पाडल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

तेव्हा नसलेल्या घराला नळ मिळाला.
नळाला मीटर, मीटरला बिल,
आणि बिल टाकायला पेटी हवी
म्हणून एक खांब रोवला गेला.

शनिवारी पाऊस थांबून दीड दिवस झाला होता.
पेरायचं का, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी प्रयोगशाळेची माणूस,
राहुरीला पुस्तकातून शिकले, शेत कधी कसलं नाही.
तरी पेटीतली मूठभर माती घेतली, दाबली,
गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला.
फुटला. चिकटला नाही, धूळही झाला नाही.
वाफसा, मी म्हणाले, आणि इंग्रजी शब्द शोधत राहिले.
मोक्लेसुर म्हणाला, आमच्याकडे 'जो'.
ओडेसा म्हणाली, आमच्याकडे काही नाही,
आम्ही नुसतं थांबायचो.
मग तिने शब्द तोंडात फिरवून पाहिला.
वाप्सा. वाफ्सा.
जेव्हॉनने पुढची ओळ पेरून टाकली होती.

आज गेले तर ती पत्रपेटी रंगवत होती.
रंग कुठला ते सांगायला नको.
मला बघून ब्रश थांबवला,
डबा उलटा करून पुढे केला.
बारीक अक्षरं मी मोठ्याने वाचली, सगळी,
अगदी कंपनीच्या पत्त्यापर्यंत.
शिसे नाही.

"मग सांडू दे," ती म्हणाली.