कूलर बंद करून पाहिलेला सिनेमा

मद्रासहून प्रिंट आली, तिच्याखाली अक्षरंच नव्हती.
रंगारी सरांनी कपाळावर हात मारला:
आता समजणार कोणाले, बाप्पा!

मग अजनीच्या क्वार्टरमधून थंगवेलूंना बोलावलं.
रिटायर गार्ड. पस्तीस वर्षं इटारसी लाइन.
कपाळावर भस्माच्या तीन रेघा, खिशात शिट्टी अजूनही.
माईक नव्हता,
म्हणून रेल्वे इन्स्टिट्यूटचे दोन्ही कूलर बंद केले
आणि मे महिन्यातल्या नागपुरात
आम्ही चाळीसेक माणसं
घाम पुसत नास्तिकाचा सिनेमा पाहायला बसलो.

सिनेमातला माणूस देवळाचा भोंगेवाला.
पहाटे चारला उठून कॅसेट लावायचा,
गाव जागं व्हायचं, देव जागा व्हायचा,
हा पायरीवर बसून विडी ओढायचा.
कोणी विचारलं तर म्हणायचा…
थंगवेलूंनी घसा साफ केला,
भस्माची खालची रेघ ओघळून भुवईत आली होती…
"तो म्हणून राहिला, देव नाही.
मी वायर जोडतो, आवाज येते.
तिकडं कोणी ऐकून नाही राहिलं."

पहिल्यांदा हळू म्हणाले.
दुसऱ्यांदा, पंचायतीच्या सीनला, जरा मोठ्यानं.
तिसऱ्यांदा आम्हालाच शब्द पाठ:
इल्लै.
मागच्या रांगेतलं एक पोरगं त्यांच्या आधीच ओरडलं
आणि हॉल हसला. थंगवेलूही हसले.

मला मात्र ते 'नाही' ओळखीचं वाटलं नाही.
आमच्या घरी ते छप्पन सालापासून आहे.
आजोबानं म्हसोबा, मरीमाय, सगळे एका टोपलीत घालून
कन्हानच्या डोहात सोडले
आणि येताना बाजारातून वांगी आणली, असं सांगतात.
मला ते वारशात मिळालं,
इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांसोबत.
त्याचा हप्ता मी कधी भरला नाही.
पडद्यावरचा माणूस रोज भरत होता.

मग त्याची पोर तापानं फणफणली.
जत्रेची रात्र, रस्ते बंद,
भोंग्यातून त्यानंच लावलेलं भजन,
आणि त्याच्या हाका कोणालाच ऐकू जाईनात.
तो पोरीच्या पायाशी बसला, बोलू लागला,
बराच वेळ, खालच्या आवाजात.
थंगवेलू गप्प.

पंख्याची कुरकुर. बाहेर शंटिंगचं इंजिन.
काय म्हणते तो? रंगारी सरांनी विचारलं.
"रडून राहिला."
एवढंच.
पण तो रडत नव्हता. आम्हाला दिसत होतं.

पोर वाचली का, सिनेमानं नीट सांगितलं नाही.
शेवटी तो माईक पुसतो, फुंकर मारतो,
हॅलो, हॅलो,
आणि पुढं काहीच म्हणत नाही.
त्याचं भाषांतर थंगवेलूंनी केलं: हॅलो, हॅलो.

नंतर अजनी पुलापाशी चहा पिताना मी विषय काढला.
त्यांनी बशीत चहा ओतला, बशी फिरवली.
"तिथं त्यानं प्रार्थना केली, बाबू.
मुरुगनचं नाव घेतलं. केस देतो म्हणाला,
डोंगर अनवाणी चढतो म्हणाला."
मग सांगितलं काऊन नाही?
"माणूस घाबरला होता.
घाबरलेल्याचं बोलणं साक्षीला धरत नसते.
तुमचे लोक हसले असते.
माझे लोक खूश झाले असते.
दोन्ही नको."

मी काही बोललो नाही.
मेडिकलमध्ये वॉर्डाबाहेर, आई आत असताना,
मी भिंतीशी काय बोललो होतो
ते शेजारच्या बाकावरच्या बाईनं ऐकलं होतं.
तिनं फक्त पाण्याची बाटली पुढं केली होती.

परतताना कडुनिंबाखालच्या शेंदरी दगडापाशी
त्यांनी स्कूटर थांबवली.
एक मिनिट, म्हणाले, चपला काढल्या.
स्टँड मोडलं होतं.
मी हँडल धरून उभा राहिलो,
इंजिन चालूच होतं.