पाण्याची पाळी

मी पाटकरी होतो.
कमरेला गेटची चावी, खिशात वही,
वहीत रोजचं पाणी: किती आलं, किती गेलं.
वसमतच्या अलीकडं कालवा जिथं पायऱ्या उतरतो
आणि खालच्या दगडांवर आपटून अर्धं पाणी मागं फिरतं,
तिथं एका जानेवारीत
भोयांची कौतिका येऊन उभी राहिली.
चौदा वर्षांची. हातात बापाचं वल्हं.
म्हणाली, काका, हे किती दिवस राहील?

बापाकडं काहील होती, गुऱ्हाळातून मोडीत आणलेली,
बूड जळून काळं पडलेलं.
धरणात तिच्यात बसून तो जाळी टाकायचा.
काहीलीत माणूस गरगर फिरतं,
सरळ जायचं म्हटलं की काठ डोळ्यांपुढून पळत राहतो.
ती तिच्यात सरळ जायला शिकली.
पुढं बाहेरगावच्या कोचनं विचारलं, तुला कुणी शिकवलं?
ती म्हणाली, काहीलीनं.
त्यानं वहीत लिहून घेतलं, कुणी बाई असेल म्हणून.

या काठच्या बाभळीपासून त्या काठच्या खांबापर्यंत
आम्ही तार ताणली. बांबूंना तेलरंग दिला.
हिरवी जोडी पाण्यासोबत,
लाल जोडी पाण्याच्या उलट.
बांबूला अंग लागलं तर दोन सेकंद वाढले,
दार चुकलं तर पन्नास.
मला काठावर बसवून म्हणाली,
काका, डोळा लावून बघा. माया करू नका.

रब्बीच्या तीन पाळ्या, उन्हाळ्याच्या दोन.
पाणी सुटायच्या आदल्या रात्री मी तिला फोन करायचो,
साहेबाला कळू न देता.
ती सहा वेळा देशात पहिली आली.
युरोपातल्या कुठल्याशा गावी एकतिसावी.
परत आल्यावर म्हणाली,
तिथं बटण दाबलं की नदी चालू होती, काका.
तिथल्या पाटकऱ्याला कामच नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या साली
आमचं गेट गंजून बसलं.
ती कोरड्या कालव्यात उतरली,
सिमेंटवर पोतं टाकून गुडघ्यांवर बसली,
आणि हवेत वल्हं मारत राहिली.
मान वळवून लाल दार, खांदा चोरून हिरवं.
मेंढक्याची शेळी मधे आली, तिचं शिंग बांबूला लागलं.
दोन सेकंद! मी ओरडलो.
हसता हसता तिला ठसका लागला. प्यायला पाणी नव्हतं.

आणि ते.
ते सांगायचं राहूनच जातं दर वेळी.
एकदाच मोठी निवड आमच्या कालव्यावर झाली.
चौदाव्या दाराला पंच म्हणून मला बसवलं,
गळ्यात बिल्ला, हातात कागद.
ती आली, खांदा पाडून, उलट्या पाण्यात बोटीचं नाक रोवून,
गेली.
बांबू हलला. सुपारीएवढा.
वारा होता का? होता. दुपारभर होता.
मी दोन बोटं वर केली.
ती दीड सेकंदानं राहिली.

तिचा बाप वर्षभर माझ्याशी बोलला नाही.
मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा तिनं चहा ठेवला,
गुडघ्याला हळद लावत बसली,
आणि विचारलं, पुढची पाळी कव्हा?

वय अडतीस. मधे एक लेक झाली,
दोनदा खांदा निखळला.
शेवटच्या शर्यतीला मी पुन्हा चौदाव्या दारावर,
आता निवृत्त, एका डोळ्यात मोतीबिंदू.
मला नुसता पांढरा फेस दिसला आणि तिची लाल टोपी.
कागदावर मी शून्य लिहीत होतो
तेव्हा खालून, बोटीतूनच,
वल्ह्यावरचा एक हात सोडून
तिनं दोन बोटं वर केली.

शून्य खोडलं. खोडताना कागद फाटला.

आता गेटवर नवा पोरगा आहे.
फोन तिलाही येतो, मलाही.
पाणी येताना आधी वाळलेली पानं येतात, मग चपला, मग पाणी.
तिचे गुडघे दुमडत नाहीत,
म्हणून ती पाय खाली सोडून काठावर बसते.
लेक काहीलीत गरगर फिरत असते.
कौतिका तिला काही सांगत नाही.
मधेच मला विचारते,
काका, लागला का हो त्या दिवशी?
मी म्हणतो, वारा फार होता.
ती म्हणते, व्हय, वारा तर होताच.