मागचं डावं दार

नेकियेबाई आल्या तेव्हा कोर्चात रस्त्याकडेचं बर्फ काळं पडलं होतं
आणि त्यांची मर्सिडीज, तीनशे डी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
झोपेत पायरी चुकावी तशी दचकत होती.

"तिरानात म्हणाले, गिअरबॉक्स गेला."
आकडा त्यांनी तळहातावर पेनाने लिहून आणला होता:
पेन्शनचे नऊ महिने.

मी आधी दांडी ओढली.
तेल लाल, डाळिंबाच्या रसासारखं.
जळक्या गिअरबॉक्सचा वास हातांना तीन दिवस राहतो,
भाकरी तोडताना कळतो.
हा तसला नव्हता.

विचारलं, चावी फिरवली की इंजिन थांबतं?
"अकरा महिने नाही. रोज उतरते, बॉनेट उघडते,
खटका दाबून धरते, मग मरतं मेलं.
पण ते वेगळं दुखणं ना?"
आणि दारं, एका चावीत सगळी लागतात?
मान हलवली. आमच्याकडे तसं हलवणं म्हणजे नाही.

एर्माल, माझा शिकाऊ पोरगा, जॅक लावून मोकळा झालेला.
म्हटलं, ठेव तो पाना.
रोग रेड्याला आणि तू पखाल उसवायला निघालास.

या जुन्या गाड्यांत हुकूम पोकळीचा चालतो.
एक पंप नळ्यांतली हवा ओढून घेतो,
आणि त्या नसलेल्या हवेवर
गिअर किती अलगद पडायचा ते ठरतं,
इंजिन कधी गप्प व्हायचं ते ठरतं,
दारांच्या कड्यासुद्धा.
कुठे सुईएवढं भोक पडलं
की गिअरला कळतं काहीच नाही,
तो सगळा जोर लावून मोकळा होतो.

गेज जोडला. काटा चढायचा, आणि लगेच उतरायचा,
उधार मागायला आलेल्या माणसासारखा, पायरीवरूनच.
एकेक नळी चिमट्यात धरली.
गिअरबॉक्सची धरली: उतरतोच.
ब्रेकची: उतरतोच.
पिवळी, दारांकडे जाणारी, धरली
आणि काटा उभा राहिला.
एर्माल म्हणाला, "दार?"
पुन्हा म्हणाला, "दार?"

मागच्या डाव्या दाराचं अस्तर काढलं.
आत रबराची चकती फाटलेली, ओठ चिरावा तशी,
आणि ओंजळभर सूर्यफुलाची टरफलं.

नेकियेबाई टरफलांकडे बघत राहिल्या.
"साबरी इथे बसायचा. डोळे गेल्यावर.
त्र्याण्णव साली मानहाइमहून स्वतः चालवत आणली,
मला चावीला हात लावू दिला नाही.
मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले.
तो माझ्या बरोबर मागे,
माझा गिअर चुकला असं वाटलं
की गुडघा मारायचा सीटला."
"ऑटोमॅटिकला गिअर कसा चुकेल?" एर्माल.
"हेच मी त्याला सांगायचे."
मग जरा थांबून: "गेल्यावर्षी तो गेला
आणि गाडी पाठीत मारायला लागली.
मला वाटलं, सवय झालीय पाठीला."

नवी चकती जर्मनीहून, बारा दिवस.
नाहीतर नळीच्या तोंडात एक छर्रा,
ते एक दार हाताने लावायचं.
"छर्रा घाला," म्हणाल्या. "तिथे आता बसतंय कोण?"

वोस्कोपोयाच्या चढावर घेऊन गेलो.
पहिलं वळण, दुसरं वळण,
तिसरा गिअर कधी पडला मला कळलं नाही,
इंजिनाचा आवाज खाली आला तेव्हा समजलं.
त्या सरळ बसल्या होत्या, पाठ सीटपासून चार बोटं पुढे,
येणाऱ्या दणक्यासाठी.
परतेपर्यंत तशाच.

दोनशे लेक म्हटलं.
मी फसवतोय अशा नजरेने पाहिलं
आणि पाचशे ठेवून गेल्या, सुट्टे न घेता.

समोर पावाच्या दुकानापाशी थांबल्या.
चावी फिरवली. इंजिन थांबलं, तिथल्या तिथे.
तरी त्या उतरल्या, पुढे गेल्या,
बॉनेट अर्धं उघडलं,
आणि हात आत घालून
थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.